आपल्यासाठी मागणारा : ख्रिस्ती मध्यस्थीच्या श्रद्धेचा आढावा

लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि धारवाड जिल्हा त्या वेळी त्याच इलाख्यात मोडत असल्यामुळे हुबळीतल्या एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. पुढे इलाखा गेला, गव्हर्नरी गेली, १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन हा सारा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तरी लोकांच्या तोंडून लॅमिंग्टन रोड हे नाव काही गेले नाही. ज्या राज्यव्यवस्थेने हे नाव ठेवले तिच्यात सामान्य रयतेचा सरकारशी संबंध सहसा कोणाच्या तरी मार्फत येई. अर्ज लिहून देणारा कारकून, ओळखीचा शिरस्तेदार, तालुक्याचा वकील, गावचा देसाई किंवा कुलकर्णी यांच्यापैकी कोणी आपले गाऱ्हाणे साहेबांच्या कानी घालील तर काम होणार, एरवी अर्ज दप्तरात पडून राहणार, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. ख्रिस्ती धर्मात मध्यस्थीला जे स्थान आहे त्याकडे आपल्याकडचा पुष्कळसा वाचकवर्ग, आणि खरे सांगायचे तर ख्रिस्ती समाजातीलही पुष्कळ माणसे, याच अनुभवाच्या नजरेने पाहतात: वर एक कठोर हाकिम बसला आहे, खाली एक भेदरलेला अर्जदार आहे, आणि मधल्या कोणाच्या तरी वशिल्याने हाकिमाचे मन वळवायचे आहे. माझ्या मते या विषयातला बहुतेक घोटाळा येथूनच सुरू होतो, आणि मध्यस्थीच्या श्रद्धेने माणसाला जो धीर मिळतो त्याचे खरे स्वरूप या चित्रामागे झाकले जाते.

हे चित्र आजचे नव्हे. चौथ्या शतकात, रोमन सम्राटाच्या दरबारी रीतीभाती साऱ्यांच्या परिचयाच्या असताना, पौलाच्या पत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या एका लेखकाने (त्याचे खरे नाव हरवले असून विद्वान त्याला अँब्रोसिअॅस्टर म्हणतात) नेमका हाच युक्तिवाद खोडून काढला आहे. राजाकडे सरदारांमार्फत जावे लागते तसेच देवाकडेही कोणाच्या तरी मार्फत जावे, असे म्हणणाऱ्यांना त्याचे उत्तर असे, की राजा माणूस असल्यामुळे राज्याचा कारभार कोणावर सोपवावा हे त्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला सरदार लागतात. देवापासून काहीच लपलेले नसल्याने त्याच्याकडे जाण्यास शिफारस करणारा लागत नाही, लागते ती भक्तिशील बुद्धी. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आजही ताजे आहे; मात्र ते मान्य केले की प्रश्न अधिकच अवघड होतो. शिफारस नको असेल तर मग मध्यस्थ कशाला?

याचे उत्तर पवित्र शास्त्रात व्याख्या देऊन दिलेले नाही. ते माणसांच्या कथांतून उलगडत जाते. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात सदोम नगराचा नाश व्हायचा आहे हे कळताच अब्राहाम देवापुढे उभा राहतो आणि घासाघीस करतो: पन्नास नीतिमान निघाले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? प्रत्येक वेळी देव मान्य करतो, आणि वाचकाच्या लक्षात येते की देवाचे मन वळवावे लागतच नाही. ते आधीपासूनच दयेकडे झुकलेले आहे, अब्राहाम मात्र आपल्या प्रत्येक प्रश्नासरशी त्या दयेची खोली मोजतो आहे. मोशेची कथा याहून तीव्र आहे. लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजल्यावर तो त्यांच्यासाठी क्षमा मागतो आणि ती मिळणार नसेल तर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझेच नाव काढून टाक, असे म्हणतो. येथे मध्यस्थ हा अर्ज पुढे सरकवणारा मधला माणूस उरत नाही, ज्यांच्यासाठी मागायचे त्यांच्या बाजूला जाऊन तो उभा राहतो. निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात प्रमुख याजक अहरोनाच्या पोशाखाचे जे बारकाईने वर्णन आहे त्यातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो: त्याच्या ऊरपटावर बारा रत्ने चार ओळींत जडवलेली, प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचे नाव कोरलेले, आणि पवित्रस्थानी जाताना त्याने ती नावे आपल्या हृदयावर वाहायची. त्यांच्यासाठी त्याने काय मागावे हे त्या ठिकाणी सांगितलेले नाही. नावे घेऊन आत जावे, एवढेच सांगितले आहे. आणि ज्याच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले तो ईयोब तर असा कोणी नाही म्हणूनच आक्रोश करतो. देव आणि आपण या दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थ आपल्यामध्ये नाही, ही त्याची तक्रार, आणि पुढे काही अध्यायांनंतर माझा साक्षी स्वर्गात आहे, हा त्याचा आशेचा उद्गार, यांच्यामधले अंतर म्हणजे मध्यस्थीच्या श्रद्धेचा जणू जन्मकाळच होय.

नव्या करारात ही श्रद्धा एका व्यक्तीत एकवटते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात ख्रिस्त आपल्या लोकांसाठी मध्यस्थी करण्यास सदाजीवी आहे असे सांगितले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात तो पित्याजवळ आपला कैवारी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त येशू, असा स्पष्ट सिद्धांत मांडला आहे, आणि त्याच अध्यायाच्या आरंभी मंडळीने सर्व माणसांसाठी, राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठीही विनंत्या कराव्यात, असा आदेशही आहे. एकच मध्यस्थ, आणि तरीही सर्वांनी सर्वांसाठी मागावे! या दोन वाक्यांचा मेळ घालण्यातच ख्रिस्ती पंथांचा पुढचा बराचसा वाद गेला. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आणखी एक पायरी आहे आणि ती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही: आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्यालाच कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्या दुर्बळतेत साहाय्य करतो आणि शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने स्वतः मध्यस्थी करतो. देवाजवळ देवच आपल्यासाठी मागतो, अशी ही विलक्षण रचना आहे. वशिल्याचे चित्र येथे अगदीच कोलमडते, कारण ज्याच्याकडे मागायचे आणि जो मागतो ते दोघे एकाच प्रेमाचे आहेत.

मराठी भाषेच्या मुलखात ही श्रद्धा प्रथम ग्रंथरूपाने आली ती गोव्यात. १५७९ साली गोव्यात उतरलेला इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स याने आपले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले व ते १६१६ साली राशोलला छापले गेले. सतराव्या शतकाच्या मध्याला आंतोनियु द साल्दान्य या जेसुइटाने पादुआच्या संत आंतोनीचे चरित्र व चमत्कार आपल्याकडच्या भाषेत लिहिले. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले की कॅथलिक श्रद्धेची दोन्ही अंगे दिसतात: एका बाजूस ख्रिस्ताचे एकमेव तारकत्व, दुसऱ्या बाजूस त्याच्या मित्रांची, म्हणजे संतांची, सोबत. गोव्यातला सामान्य ख्रिस्ती या दोहोंत विरोध पाहत नाही. संध्याकाळी वाड्यावरच्या क्रुसापुढे शेजारीपाजारी जमून लदाईन (सामुदायिक प्रार्थना) म्हणतात, संकटात आंगवण म्हणजे नवस बोलतात, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताला हजारो माणसे लोटतात, आणि त्या गर्दीत हिंदू कुटुंबेही असतात. हुबळी-धारवाडकडून लोंढ्याच्या गाडीने जाणारेही असतात.

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या डोंगरावर ८ सप्टेंबरच्या सुमारास जत्रा भरते तेव्हा वाटेवरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही मुले, घरे विकायला मांडलेली असतात. पाय दुखणारी बाई मेणाचा पाय घेते, मूल नसलेले जोडपे मेणाचे मूल घेते, आणि ते माउलीपुढे ठेवते. सुशिक्षितांना यात भोळेपणा दिसतो. मला त्यात एक अचूकपणा दिसतो. दुःख अमूर्त नसते, ते गुडघ्यात असते, डोळ्यात असते, रिकाम्या पाळण्यात असते, आणि जे शब्दांत मांडता येत नाही ते मेणात मांडून कोणाच्या तरी स्वाधीन करता येते. १८९६ नंतर मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वांद्र्यातल्या गल्लीगल्लीत लोकांनी क्रूस उभारून रक्षणाची याचना केली, त्यांपैकी कित्येक अजून उभे आहेत. दोन वर्षांनी तीच साथ हुबळीत थैमान घालू लागली तेव्हा येथे हाफकिनची लस टोचण्याची फार मोठी मोहीम झाली. प्रार्थना आणि लस यांना एकमेकांच्या विरुद्ध उभे करण्याची घाई त्या पिढीतल्या श्रद्धावंतांनी केली नाही, हे आजच्या वादपटूंनी ध्यानात घ्यावे.

कॅथलिक व्यवस्थेत संतांची मध्यस्थी ही केवळ लोकांची भावना नाही, तिला कायद्याची चौकट आहे. बाणावलीला १६५१ साली जन्मलेले आणि १७११ मध्ये कँडीला वारलेले जोसेफ वाझ यांनी डचांच्या सत्तेखाली छळ सोसणाऱ्या सिलोनच्या कॅथलिकांत पुढचे सारे आयुष्य वेचले. त्याआधी काही वर्षे त्यांनी कानडा प्रांतातही काम केले होते. त्यांच्या मध्यस्थीने घडला असे मानलेल्या एका चमत्काराची चौकशी होऊन १९९५ साली कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले गेले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट माफ करून त्यांना संत घोषित केले. म्हणजे साक्षीपुरावे, वैद्यकांचे अभिप्राय, उलटतपासणी या सगळ्यातून एखाद्या मृत माणसाची मध्यस्थी सिद्ध करावयाची, अशी ही पद्धत. मला तिच्याबद्दल आदर आहे. परंतु सांत्वनाच्या दृष्टीने तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण ज्याचे मूल बरे झाले नाही त्याच्यासाठी या दप्तरात रकाना नाही.

१५६३ हे साल या प्रश्नात फार अर्थपूर्ण आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात ट्रेंटच्या परिषदेने आपल्या शेवटच्या बैठकीत संतांची याचना करणे चांगले व उपयुक्त आहे, असा ठराव केला. आणि त्याच वर्षी जर्मनीत हायडेलबर्गचे प्रश्नोत्तररूप धर्मबोधाचे पुस्तक निघाले, ज्याचा पहिलाच प्रश्न जगताना आणि मरताना तुझे एकमेव सांत्वन कोणते, हा आहे, आणि ज्याच्या एकोणपन्नासाव्या प्रश्नाच्या उत्तरात ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा पहिला लाभ म्हणून तो पित्यापुढे आपला कैवारी आहे, असे सांगितले आहे. त्याआधी १५३० साली ऑग्जबर्गच्या लूथरपंथी कबुलीपत्राने संतांचे स्मरण आदर्श म्हणून करावे, पण त्यांची याचना करावी असे शास्त्र शिकवीत नाही, असे म्हणून ठेवलेच होते. दोन्ही पक्ष एकमेकांपासून दूर गेले, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. परंतु दोन्ही पक्षांना तहान एकच होती, ती ही, की न्यायासनापुढे आपण एकटे नाही, याची खात्री कोणीतरी द्यावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली मरियेला कैवारी, साहाय्यकर्ती, मध्यस्थ अशी नावे देताना ख्रिस्त या एकाच मध्यस्थाच्या प्रतिष्ठेत त्याने काही उणे-अधिक होत नाही, असा खुलासा आवर्जून जोडला, तोही या तहानेची जाण ठेवूनच.

हुबळीला हा वारसा प्रामुख्याने प्रॉटेस्टंट वाटेने आला. स्वित्झर्लंडमधील बासेल गावी १८१५ साली स्थापन झालेल्या मिशनने धारवाडला १८३७ मध्ये व हुबळीला १८३९ मध्ये ठाणे उभारले. कानडीचा महाकोश १८९४ साली सिद्ध करणारे फर्डिनंड किटेल याच मिशनचे. दक्षिण मराठा रेल्वेचा कारखाना येथे आल्यावर गोव्याकडची, तमिळ मुलखातली आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली आणि कॅथलिक वस्तीही वाढली; बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली वेगळा झाला. तेव्हापासून जपमाळेचे घर आणि बासेल मिशनचे घर एकाच गल्लीत नांदत आले आहे. बेळगावकडून आलेली काही कुटुंबे घरात मराठी बोलतात आणि देवळात कानडी गातात. बेळगावचे नाव निघाले की बाबा पदमनजी यांचे स्मरण होते. १८३१ साली तेथे जन्मलेल्या आणि तेथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाच्या ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या पुस्तकात विधवांची जी व्यथा उमटली ती मुळात एका मध्यस्थाची व्यथा आहे: ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलणे.

एक आडवाटेचा विचार येथे नोंदवतो. या भागातल्या माध्व घरांत वाढलेल्या माणसाला मध्यस्थीची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मंत्रालयाच्या राघवेंद्रस्वामींना शरण जाणारा भक्त जाणतो की गुरू आपले मागणे मुख्यप्राणापुढे (वायुदेवापुढे) आणि मुख्यप्राण ते श्रीहरीपुढे ठेवतो. श्रीवैष्णवांच्या दर्शनातही लक्ष्मी भक्ताच्या वतीने बोलते. भेद आहेत आणि ते मोठे आहेत, पण आपण एकट्याने दारात उभे राहावे लागत नाही, ही जाणीव दोन्हीकडे आहे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा वारकरी परंपरेतले हे आप्तपण ख्रिस्ती उपासनेत आणण्याचीच त्यांची धडपड होती.

मध्यस्थीची प्रार्थना सामुदायिक रीतीने, वर्षानुवर्षे, पद्धतशीरपणे चालविल्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनाचे आहे. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी आपल्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल, असे मुलींना विचारले. आरंभी सत्तरेक मुली पुढे आल्या आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. या मुली कोण होत्या? दुष्काळात आईबाप गमावलेल्या, टाकलेल्या, विकायला काढलेल्या. ज्यांच्यासाठी जगाने काहीच मागितले नव्हते त्या देशासाठी, अनोळखी माणसांसाठी, नावांच्या याद्या घेऊन मागू लागल्या. दुसऱ्यासाठी मागणारा माणूस भिकारी राहत नाही, तो देवाच्या कामात सहभागी होतो. रमाबाईंनी त्या मुलींना अन्न, अक्षर आणि उद्योग दिला, त्याबरोबर ही प्रतिष्ठाही दिली, आणि माझ्या दृष्टीने ती पहिल्या तिहींपेक्षा कमी नाही.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वज्ञ देवाला आपण काय सांगणार आणि त्याची इच्छा आपण कशी बदलणार, या आक्षेपाला तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने उत्तर दिले होते: प्रार्थना देवाची योजना बदलण्यासाठी नसून, प्रार्थनेच्या द्वारे द्यावे असे देवाने जे ठरवले आहे ते मिळवण्यासाठी आहे. दुसरा आक्षेप मोजमापाचा. फ्रान्सिस गॉल्टनने १८७२ साली दाखवून दिले की राजघराण्यातल्या माणसांसाठी देवळोदेवळी प्रार्थना होऊनही त्यांचे आयुष्य इतरांहून लांब नसते. २००६ साली अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात अनोळखी माणसांच्या प्रार्थनेचा लाभ आढळला नाही; उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे निश्चित ठाऊक असलेल्या रुग्णांपैकी ५९ टक्क्यांना उपद्रव झाले, तर जे याविषयी संभ्रमात होते त्यांच्यात हे प्रमाण ५१-५२ टक्के होते. हे निष्कर्ष मी प्रामाणिक मानतो आणि त्यांना बगल देणाऱ्या भक्तांशी माझे जमत नाही. मात्र त्यांनी मोजले ते कचेरीतल्या अर्जाचे यश. अहरोनाच्या ऊरपटावरची नावे त्या तराजूत घालताच येत नाहीत.

लॅमिंग्टन रोडच्या आतल्या बाजूस राहणाऱ्या, रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाची विधवा असलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंकडे मी एक वही पाहिली आहे. माहेर बेळगावचे, त्यामुळे जुनी पाने मराठीत आणि पुढची कानडीत. पानावर फक्त नावे. कोठे एखाद्या नावापुढे ‘परीक्षा’, कोठे ‘दारू’, कोठे ‘ऑपरेशन’, बाकी काही नाही. पहाटे उठून त्या एकेक पान वाचतात. काय मागता, असे विचारल्यावर म्हणाल्या, “अहो, कुणाला काय पाहिजे ते मला कुठं कळतंय? मी नाव घेते. पुढचं तो बोलतो.” रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावरचे याहून नेमके भाष्य मी विद्वानांच्या ग्रंथांत वाचलेले नाही. वहीत गेलेल्या माणसांची नावेही तशीच आहेत, त्यांवर रेघ मारलेली नाही. त्यांच्या मंडळीची शिकवण पाहता मृतांसाठी प्रार्थना करायची नाही, आणि हे मी भीतभीतच बोलून दाखवले. “रेघ कशी मारायची? देवानं कुठं मारलीय?” एवढेच त्या म्हणाल्या. शेजारच्या कॅथलिक घरातली सून २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्ती लावायला जाताना यांनाही बरोबर नेते.

सर्वांत अवघड प्रश्न मागूनही न मिळण्याचा आहे. रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. जिच्या घरात दिवसरात्र प्रार्थना चाले त्या आईचीच कूस रिकामी झाली, आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करून एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. येथे कोणतेही गोड उत्तर मला खोटे वाटते. मात्र लूकच्या शुभवर्तमानात येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्याच रात्री पेत्र त्याला तीनदा नाकारतो. ख्रिस्ताची मध्यस्थी पेत्राला पडण्यापासून वाचवत नाही. तो वळेल हे ती आधीच धरून चालते, आणि वळल्यावर आपल्या भावांना स्थिर कर, असे काम त्याच्यावर सोपवते. याच लेखकाच्या दुसऱ्या ग्रंथात, प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात, हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. मंडळी पेत्रासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते आणि तो रात्रीतून सुटतो. याकोब का गेला आणि पेत्र का सुटला, याचे एका अक्षराचेही कारण लेखक देत नाही. सुटलेला पेत्र ज्या घरात ही प्रार्थना चालली होती त्या घराचे दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखून, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत जाऊन सांगते, आणि त्याच्या सुटकेसाठी रात्रभर मागणारी ती माणसे तिला वेडी म्हणतात. पेत्र बाहेर ठोठावतच राहतो, आणि शेवटी तेच दार उघडतात.